खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, मग आई पुन्हा भर्ती का झाली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आई ८१ वर्षांची, इंदूरला सुदामा नगरात आमच्याजवळ राहते. बाथरूमपाशी पडली, डाव्या खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून रॉड टाकली, सहाव्या दिवशी छुट्टी दिली. एक्स-रे बघून डॉक्टर खूश होते. घरी आल्यावर आठवड्याभरात ती सुस्त पडली, खाईना, असंबद्ध बोलायला लागली. पुन्हा भर्ती केलं तर सोडियम ११४ आणि न्यूमोनिया. आता घरी आहे, पण फार थकली आहे. नातेवाईक म्हणतात, या वयात ऑपरेशन करायलाच नको होतं, निम्मे लोक वर्षभरात जातात. हे खरं आहे का? आणि तिसऱ्यांदा भर्ती करायची वेळ येऊ नये म्हणून आम्ही काय करायचं?"

आधी नातेवाइकांचं बघू, कारण तुमच्या प्रश्नातली खरी बोच तीच आहे. ऑपरेशन केलंत ते बरोबर केलंत. मी हाडांची डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. खुबा मोडलेली वयस्कर मंडळी माझ्याकडे दोन वेळा येतात: एकदा ऑपरेशनआधी 'फिटनेस'साठी, आणि दुसऱ्यांदा घरी गेल्यावर काही बिघडलं की. त्यामुळे रॉड कशी बसली आहे यावर मी बोलणार नाही. पण रॉड न टाकता नुसतं झोपवून ठेवलेल्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. कूस बदलायची तर कळ, बेडपॅन द्यायचा तर कळ, म्हणून घरचे हलवत नाहीत. हलवत नाहीत म्हणून माकडहाडापाशी जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गाठी. हाड दोन-तीन महिन्यांनी जुळेलही, पण तोवर माणूस टिकला पाहिजे ना. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं ऑपरेशन आम्ही करायला सांगतो ते दुसऱ्या दिवशी त्याला खुर्चीत बसवता यावं म्हणून. हाड जुळणं त्याच्या मागून येतं.

याला एक अपवाद मानावा लागतो. जो माणूस आधीपासूनच अंथरुणाला खिळलेला आहे, स्मृतिभ्रंश फार पुढे गेलेला आहे, कुणाला ओळखत नाही, त्याच्या बाबतीत ऑपरेशन न करता फक्त वेदना आटोक्यात ठेवणं हाही प्रामाणिक निर्णय असू शकतो. नेदरलँड्समध्ये शुश्रूषागृहात राहणाऱ्या अतिशय क्षीण रुग्णांवर असा एक अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला. घरच्यांशी नीट बोलून ठरवायचं, ऑपरेशन की नुसती शुश्रूषा. ऑपरेशन न केलेल्यांपैकी ८३ टक्के महिन्याभरात गेले, केलेल्यांपैकी २५ टक्के. पण न केलेल्यांचे उरलेले दिवस केलेल्यांपेक्षा जास्त हालात गेले, असं काही दिसलं नाही. तुमची आई या गटातली नव्हे. पडण्याआधी ती घरात स्वतःच्या पायांनी फिरत होती ना? मग वाद संपला.

आता 'निम्मे जातात' हे. निम्मे जात नाहीत. जगभरच्या अभ्यासांत साधारण असं दिसतं की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पहिल्या महिन्यात ५ ते १० टक्के आणि वर्षभरात २० ते ३० टक्के दगावतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा एक जुना, मोठा अभ्यास आहे, २००५ चा, २,४४८ रुग्णांचा. त्यात महिन्याभरात ९.६ टक्के आणि वर्षात ३३ टक्के गेले होते. आकडा लहान नाही, हे मी लपवणार नाही. पण या सरासरीत कॅन्सरचे रुग्ण आहेत, डायलिसिसवरचे आहेत, आधीच खाटेवर असलेले आहेत. पुरुषांचं प्रमाण बायकांपेक्षा वाईट असतं. आणि धोका वर्षभर सारखा पसरलेला नसतो, पहिल्या तीन महिन्यांत तो सगळ्यात जास्त असतो, नंतर उतरत जातो. त्याच नॉटिंगहॅमच्या रुग्णांत ऑपरेशननंतर छातीत जंतुसंसर्ग झालेल्यांपैकी ४३ टक्के महिन्याभरात गेले होते. तुमच्या आईला तोच झाला आणि ती त्यातून उठून घरी आली आहे. नातेवाइकांना हेही सांगा.

नॉटिंगहॅमच्याच डॉक्टरांनी नंतर महिन्याभरातला धोका मोजायचं एक साधं गुणपत्रक बनवलं, ते आज बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यात काय बघतात? वय, स्त्री की पुरुष, भर्तीच्या वेळचं हिमोग्लोबिन, साध्या प्रश्नांना दिलेली उत्तरं, आधीचे आजार किती, कॅन्सर आहे का, आणि घरी राहतो की संस्थेत. संपलं. रॉड टाकली की बॉल बदलला, देशी इम्प्लांट की परदेशी, यातलं काहीही त्यात नाही. आपल्याकडे मात्र कुटुंबाची निम्मी चर्चा इम्प्लांटच्या किमतीवर होते, आणि आईचं सोडियम किती आहे हे कुणी विचारत नाही.

'ऑपरेशन यशस्वी' म्हणजे हाड धरलं गेलं, एवढंच. खुब्याच्या ऑपरेशननंतर लोक पुन्हा भर्ती होतात ते बहुतांशी हाडासाठी नाहीच. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, सोडियम घसरणं, हृदयावर ताण येऊन धाप लागणं, किडनी बिघडणं, भ्रम, पुन्हा पडणं ही कारणं पुढे असतात. जखम चिघळणं किंवा रॉड सरकणं बरंच मागे. हाडांच्या डॉक्टरांना विचारलंत तर ते म्हणतील, आमचे पेशंट सहसा परत येत नाहीत. ते खोटं बोलत नसतात. आजींना धाप लागली की घरचे रॉड टाकणाऱ्याकडे जातच नाहीत, ते जवळच्या नर्सिंग होममध्ये नाहीतर माझ्यासारखीकडे येतात. देवासहून, खरगोनहून येऊन इथे ऑपरेशन करून गेलेला रुग्ण आठ दिवसांनी तिथेच कुठेतरी भर्ती होतो, आणि इथल्या कागदावर त्याची नोंद 'बरा होऊन गेला' अशीच राहते.

आता माझ्या मते मुख्य मुद्दा, आणि तो छुट्टीचा आहे. २०१५ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकात दोन मोठे अभ्यास आले. एक स्वीडनचा, एक लाख सोळा हजारांवर रुग्णांचा. त्यात दिसलं की दहा दिवसांच्या आत घरी पाठवलेल्यांत जितकी छुट्टी लवकर, तितके पुढच्या महिन्यातले मृत्यू जास्त. दुसरा न्यूयॉर्क राज्याचा, एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचा. त्यात नेमकं उलटं: पाच दिवसांच्या आत छुट्टी झालेले बरे राहिले, अकरा ते चौदा दिवस राहिलेल्यांत मृत्यू जास्त. दोन्ही बरोबर कसे? अमेरिकेत दवाखान्यातून चौथ्या-पाचव्या दिवशी निघालेली म्हातारी बहुतेक वेळा घरी जात नाही. ती दुसऱ्या केंद्रात जाते, तिथे नर्स असते, व्यायाम करवणारी माणसं असतात, रक्त तपासलं जातं. म्हणजे तिची खाट बदलते, देखरेख सुटत नाही. ज्याला दवाखान्यातच जास्त दिवस ठेवावं लागतं तो तिथे मुळातच जास्त आजारी असतो. स्वीडनमध्ये खाटा कमी होत गेल्या, लवकर छुट्टी मिळाली, आणि देखरेख तुटली.

आपल्याकडे इंदुरात छुट्टी अमेरिकेच्या वेगाने होते आणि पुढचं केंद्र म्हणजे तुमच्या घरातली आतली खोली. नर्स म्हणजे सूनबाई किंवा तासावर ठेवलेली बाई, जिला डायपर बदलता येतो पण श्वास जलद चालला आहे हे ओळखता येत नाही. यात घरच्यांचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की दवाखान्याचं निम्मं काम आता तुमच्याकडे आलं आहे. सहाव्या दिवशी छुट्टी दिली म्हणून मी त्या डॉक्टरांना बोल लावणार नाही. जास्त दिवस ठेवलं तर दवाखान्यातले जंतू आणि बिल दोन्ही वाढतात. पण छुट्टीनंतरचे पहिले चार आठवडे हेच खरे जोखमीचे, आणि तेव्हा आई नेमकी कुणाची पेशंट आहे हे ठरलेलं नसतं. हाडांचे डॉक्टर टाके काढायला बोलावतात, बीपीचे डॉक्टर तीन महिन्यांनी, आणि मधला काळ कुणाचाच नाही. म्हणून पहिलं काम हे की एक फिजिशियन ठरवा, त्यांना सगळे कागद द्या आणि 'या महिन्यात आई तुमच्या हाताखाली' असं स्पष्ट बोलून घ्या.

तुमच्या आईचं सोडियम, म्हणजे रक्तातला मिठाचा क्षार, ११४ पर्यंत का गेलं, हे नीट समजून घ्या, कारण तेच पुन्हा होऊ शकतं. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. वयस्कर माणसात ते एका कारणाने सहसा इतकं पडत नाही, तीन-चार गोष्टी एकत्र येतात. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर नावामागे 'एच' असं अक्षर आहे का बघा. त्यात बहुतेकदा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. काही गोळ्यांत क्लोरथॅलिडोन असतं. दोन्ही लघवीवाटे सोडियम काढतात. त्यात कुणीतरी दहा वर्षांपूर्वी 'मीठ कमी' सांगितलेलं असतं, आणि आजारपणात घरचे ते आणखी कडक करतात: वरण आळणी, भाजी आळणी, शेव तर घरात आणायचीच नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण 'पाणी भरपूर पाजा' सांगून जातो. दुखतंय म्हणून ट्रॅमाडॉल चालू असतं. त्याने मळमळते, गुंगी येते आणि सोडियमही पडू शकतं. मन उदास आहे म्हणून एस्सिटालोप्रामसारखी गोळी असेल तर तीही यात भर घालते. एकेक गोष्ट किरकोळ, पण ८१ वर्षांच्या, चार दिवस नीट न जेवलेल्या शरीरात सगळं एकदम आलं की माणूस सुस्त पडतो.

आणि घरचे म्हणतात, थकली आहे, झोपू द्या. माझा सगळ्यांत आग्रहाचा सल्ला इथे आहे: कालपर्यंत नीट बोलणारी आई आज वेगळी वागते आहे, तर त्याच दिवशी रक्त तपासा. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी), साखर, हिमोग्राम, आणि बोटाला लावून ऑक्सिजन. रात्री दोन वाजता 'सानंदच्या नाटकाला उशीर होतोय, साडी काढ' म्हणणाऱ्या आजी सगळ्यांच्या लक्षात येतात, त्यांना लोक धावत घेऊन येतात. गप्प पडून राहणारी, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटणारी आजी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि भ्रमाचा हा शांत प्रकार जास्त फसवा आहे. त्यावर झोपेची गोळी देऊ नका. अल्प्राझोलामने भ्रम वाढतो, गिळणं बिघडतं, पडण्याचा धोका वाढतो. चष्मा लावा, कानातलं मशीन लावा, दिवसा पडदे उघडे ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसू द्या. बद्धकोष्ठ झालं आहे का, लघवी अडली आहे का, तेही बघा. चार दिवस पोट साफ नसणं एवढं एक कारण म्हाताऱ्या माणसाला भरकटवायला पुरतं.

सोडियम कमी आहे म्हणून घरीच मीठपाणी किंवा कॅप्सूल सुरू करू नका. काही जणांत ते मीठ कमी असल्याने पडतं, काहींत शरीरात पाणी जास्त साठल्याने. दुसऱ्या प्रकारात मीठ आणि सलाइन देऊन हृदयावर ताण येतो. शिवाय फार पडलेलं सोडियम झपाट्याने वर आणलं तर मेंदूला इजा होते; चोवीस तासांत ते ८ ते १० अंकांपेक्षा जास्त वाढवत नाहीत. म्हणूनच तिला दवाखान्यात दोन-तीन दिवस 'नुसतं सलाइन लावून' ठेवलं असं तुम्हाला वाटलं असेल. आता घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी एकदा, मग दोन आठवड्यांनी पुन्हा सोडियम आणि क्रिएटिनिन करा. ती 'एच'वाली गोळी पुन्हा सुरू करायची की बदलायची, हे फिजिशियनना थेट विचारा. जुन्या डब्यातून आपणहून सुरू करू नका.

न्यूमोनियाचं मूळ पुष्कळदा जेवणाच्या पद्धतीत असतं. अर्धवट झोपलेल्या अवस्थेत, उशीला टेकवून, चमच्याने पातळ पेज तोंडात घालायची, ही आपल्याकडची माया आहे आणि ती फुफ्फुसात जाते. आईला पूर्ण बसवा, शक्यतो खुर्चीत, पाय जमिनीला टेकलेले. हनुवटी किंचित खाली, घास लहान, आणि गुंगीत असेल तर भरवूच नका. जेवल्यावर अर्धा तास तरी तशीच बसू द्या. पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. तोंड दोन वेळा स्वच्छ करा, कवळी रात्री काढून ठेवा; तोंडातले जंतूच खाली उतरतात. तीन बॉलचं फुंकणी-यंत्र दवाखान्यातून मिळालं असेल. ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. निम्म्या घरांत उलटं चाललेलं असतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. लघवीची नळी अजून असेल तर ती का आहे हे विचारा. सोयीसाठी ठेवलेली नळी म्हणजे संसर्गाला दिलेलं आमंत्रण. दुखण्यावर पॅरासिटामॉल वेळेवर, ठरलेल्या मात्रेत द्या. मेडिकलवरून आणलेलं डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक या वयात नको; बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर हे पेनकिलर, असा तिहेरी मारा किडनी बसवतो. दोन उशा लागल्याशिवाय झोप येत नाही, पायांना सूज आहे, थोडक्या हालचालीने धाप लागते, तर हृदय तपासा. विशेषतः दवाखान्यात हृदयाची एखादी गोळी बंद करून ती पुन्हा सुरू करायची राहून गेली नाही ना, हे बघा. ही चूक कागदांत फार सापडते. एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं किंवा एकाएकी दम लागणं, म्हणजे रक्ताच्या गाठीची शक्यता, थांबू नका. गाठी होऊ नयेत म्हणून दिलेलं औषध साधारण चार-पाच आठवडे चालवतात, त्यामुळे कागदावर पाचच दिवस लिहिले असतील तर विचारून घ्या. जखमेतून आठवड्यानंतरही पाणी येत असेल तर गल्लीतल्या ड्रेसिंगवाल्याकडे न जाता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जा. चालता चालता एकदम कळ, पाय आखूड दिसणं, पंजा बाहेर वळणं, तरीही तिथेच. टाचा आणि माकडहाड रोज उघडून बघा. आणि मालीशवाल्याला घरात घेऊ नका, कितीही जुनी ओळख असो.

उठवण्याबद्दल मात्र घाई करू नका असं मी म्हणणार नाही. घाई करा. पुष्कळ घरांत अजून 'सहा आठवडे पाय टेकवायचा नाही' हेच चालतं. खुब्याची रॉड किंवा बॉल बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून वजन पेलायच्या हिशेबानेच बसवतात. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: पूर्ण वजन टाकून वॉकरने चालू का? हो म्हणाले तर तीनही जेवणं खुर्चीत, संडासाला कमोड खुर्चीवर, आणि फिजिओथेरपिस्ट नसेल त्या दिवशीही घरच्यांनी दोनदा उभं करायचं. इंग्लंडने २००७ मध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तेव्हा ३० दिवसांतले मृत्यू १०.९ टक्के होते, २०११ पर्यंत ८.५ वर आले. या काळात कुठली जादूची रॉड सापडली नव्हती. ऑपरेशन वेळेत व्हायला लागलं, हाडांच्या वॉर्डात वृद्धांचे डॉक्टर फिरायला लागले, रुग्णांना लवकर उठवायला लागले.

वेळेचं निघालंच आहे म्हणून. तुम्हाला 'तिसरा दिवस उशीर तर नव्हता' अशी शंका येईल. ऑपरेशन शक्य तर ३६ ते ४८ तासांत व्हावं, हे बरोबर. २०२० मध्ये सतरा देशांतल्या सुमारे तीन हजार रुग्णांचा एक अभ्यास आला, भारतातलेही रुग्ण त्यात होते. त्यात सहा तासांत आणि चोवीस तासांत ऑपरेशन केलेल्यांची तुलना होती. मृत्यूंत फरक पडला नाही, पण लवकर केलेल्यांत भ्रम आणि लघवीचे संसर्ग कमी होते आणि ते आधी उभे राहिले. तेव्हा तासांसाठी जीव जाळू नका. आठ-आठ दिवस इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, तारखेसाठी थांबणं मात्र चूक आहे. भूल कमरेत दिली की पूर्ण, यावरही घरोघरी मतं असतात. २०२१ च्या मोठ्या अभ्यासात दोघांत जगण्याच्या किंवा चालण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही.

जेवण. इथे मराठी घरांशी माझं दर वेळी भांडण होतं. आजारी माणसाला हलकं द्यायचं म्हणून मूगडाळीची पातळ खिचडी, पेज, साबुदाण्याची लापशी. सकाळी पोहे. आणि त्यात चतुर्थी आली की आई म्हणते, आज काही नको, वरईचे तांदूळ दे. यात प्रथिनं जवळपास नाहीतच, आणि स्नायू तर दिवसागणिक झिजतायत. किडनी बरी असेल तर तिला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. एक अंडं ६ ग्रॅम, पेलाभर दूध ६-७, शंभर ग्रॅम पनीर साधारण १८. नुसत्या वरण-भातावर हा हिशेब बसत नाही हे एकदा कागदावर मांडून बघा. अंडं चालत असेल तर रोज दोन, नसेल तर घट्ट वरण, पनीर, दही, भाजलेल्या डाळ्यांचं पीठ दुधात. डॉक्टरांनी बंद केलं नसेल तर चवीपुरतं मीठ घाला, चव असेल तर ती खाईल. उपवास सहा महिने बंद. देवाचं मी बघून घेते, असं माझ्या नावाने सांगा.

छुट्टीचा कागद पुन्हा उघडा, आता दुसऱ्या भर्तीचाही असेल. त्यावर शेवटचं सोडियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन लिहिलंय का? जुन्यांपैकी कोणत्या गोळ्या कायमच्या बंद, कोणत्या थोड्या दिवसांसाठी, हे वेगळं लिहिलंय का? नसेल तर उद्या जाऊन लिहून आणा. वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरला दहा मिनिटं लागतात. आईचं वय सत्तरच्या वर आहे, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असलं तरी सरकारच्या आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. त्यात छुट्टीनंतरच्या १५ दिवसांतली औषधं आणि तपासण्याही धरलेल्या आहेत. भर्ती कार्डावर झाली असेल तर ते हक्काने विचारा, रक्ताच्या तपासणीसाठी पैशाकडे बघून चालढकल होऊ नये. कार्ड अजून काढलं नसेल तर आत्ताच काढून ठेवा.

घरात बाथरूमपाशी कोटा स्टोन असेल तर ओल्या पायाने तो कुणालाही पाडतो. आत-बाहेर दोन्हीकडे भिंतीला धरायच्या दांड्या ठोका, उंबरा असेल तर काढा, रात्रीचा दिवा चालू ठेवा, घरात मागून पट्टा असलेली चप्पल. आणि बीपी बसून मोजलंत तर उभं करूनही मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने घसरत असेल तर गोळ्या कमी कराव्या लागतील.

शेवटी हाडाच्या औषधाचं, कारण ते लिहायचं बहुतेक ठिकाणी राहून जातं. घरातल्या घरात पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत, त्याला वेगळ्या तपासणीची वाट बघायची गरज नाही. एकदा खुबा मोडलेल्याचा दुसरा मोडण्याचा धोका चांगलाच वाढतो. २००७ मध्ये खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन बघितलं, २,१२७ रुग्णांत. नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली आणि मृत्यूही २८ टक्क्यांनी. मृत्यू कमी का व्हावेत याचं पूर्ण उत्तर त्या फ्रॅक्चरच्या हिशेबात बसत नाही, पण त्या अभ्यासात आकडा असा निघाला. तुमच्या आईला ते आज द्यायचं नाही. आधी न्यूमोनिया पूर्ण निवू दे, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम भरून घ्या, क्रिएटिनिनवरून किडनीची गाळण्याची क्षमता ३५ च्या वर आहे याची खात्री करा, दात काढायचे असतील तर आधी काढून घ्या. महिना-दीड महिन्याने हे सगळं जागेवर असेल तेव्हा फिजिशियनकडे स्वतःहून विषय काढा. सलाइनमधून पंधरा-वीस मिनिटांत देतात, त्याआधी ती पोटभर पाणी प्यायलेली असावी. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप येऊ शकतो, अंग मोडून येतं. त्याला पॅरासिटामॉल पुरतं, त्यासाठी भर्ती करावी लागत नाही.